मार्क राहू देत, बघायची पद्धत बदल

पत्र

अक्का, नमस्कार. मी 22 वर्षांची. बेळगावात शिकते, पण शनिवारी-रविवारी निपाणीला मामाकडे जाते. यंदा गणपतीपासून आम्ही मामे-मावस भावंडांनी एक टूम काढली आहे: जुने भुताचे पिक्चर बघायचे. यातला एकही मी आधी बघितलेला नाही. मामाचं दुकान नऊला बंद झालं की माडीवर टीव्हीपुढं सगळे जमतो आणि पिक्चर संपला की वहीत दहापैकी मार्क लिहितो. भांडण तिथंच सुरू होतं. 'पुराना मंदिर'ला मी 4 दिले. मामा दोन दिवस नीट बोलला नाही. म्हणाला, "हा पिक्चर बघून सायकलवरनं उसाच्या फडातनं घराकडं येताना मागं वळून बघायची आमची छाती नव्हती, आणि तू 4 देतीस?" 'नोस्फेरातू' लावला, तर तो व्हॅम्पायर भर उन्हात शवपेटी काखेत मारून फिरतोय! सगळे खो-खो हसले. 3 दिले. 'सायको'चा शेवट मला रीलमुळं आधीच ठाऊक होता. 5 दिले. नेटवर बघावं तर लोक या सगळ्यांना 9 आणि 10 देतात. उलट 'हा खेळ सावल्यांचा' बघताना मी खरंच घाबरले. 8 लिहिणार होते, पण बाकीचे "बोअर मारालंय की गं" म्हणाले, म्हणून 6 लिहिले. माझ्यातच काही कमी आहे का? की जुनं आहे म्हणून लोक उगाच डोक्यावर घेतात? आणि मार्क द्यायचे तरी कसे?

– वहीवाली, निपाणी

उत्तर

वहीवाली,

तुझ्यात काही कमी नाही, आणि 9-10 देणारे सगळेच काही ढोंगी नाहीत. पण तुझ्या वहीत एक आकडा खोटा आहे. 'नोस्फेरातू'चा 3 नव्हे, आणि मामाला झोंबलेला 4 तर नव्हेच. 'हा खेळ सावल्यांचा'चे 6 खोटे आहेत. ते आजच खोड आणि 8 कर. बाकीचे आकडे जसे आहेत तसे राहू देत. बदलायची ती बघायची पद्धत.

त्या उन्हातल्या व्हॅम्पायरपासूनच सुरू करू, कारण तुमच्या हसण्यात मला फार रस आहे. 'नोस्फेरातू' 1922 चा, मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाचा. त्या काळी रात्रीचं चित्रीकरण रात्री करणं जवळजवळ अशक्य होतं, फिल्म तेवढा कमी उजेड पकडायचीच नाही. म्हणून रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करायचे आणि प्रिंट काढताना फिल्मचा तेवढा तुकडा निळ्या रंगात बुडवायचा. निळं दिसलं की रात्र, पिवळसर दिसलं की दिवस किंवा दिव्याचा उजेड, गुलाबी झाक आली की पहाट. हे प्रेक्षकाला न सांगता कळायचं. पुढं कॉपीवरून कॉपी निघत गेल्या, त्यात रंग उडाले आणि मागं राहिली नुसती काळी-पांढरी फिल्म. तिच्यात अर्थातच भर दुपार दिसते. तुम्ही हसलात तो मुर्नाऊचा पिक्चर नव्हताच, त्याची धुऊन पांढरी पडलेली कॉपी होती.

या पिक्चरचं नशीबही विचित्र. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून तो परवानगी न घेता काढला होता. स्टोकरची बायको कोर्टात गेली आणि 1925 मध्ये जर्मन कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. ज्या वाचल्या त्या इकडं-तिकडं विखुरलेल्या, कापलेल्या. आज नेटवर फुकट सापडतं त्यातलं बरंचसं त्यांचंच पिल्लू. माणसं तुरुतुरु पळताना दिसतात तेही त्यामुळंच. मूकपटाचा वेग आजच्यापेक्षा कमी असायचा, तो आजच्या वेगानं चालवला की राक्षससुद्धा विनोदी दिसतो. रिस्टोर केलेली, म्हणजे दुरुस्त करून रंग परत आणलेली प्रिंट शोध. ती दीड तासाच्या आसपासची असते आणि सुरुवातीच्या पाच मिनिटांतच रंग बदलताना दिसतात. नसतील दिसत, तर बंद कर आणि दुसरी शोध.

आता मजा बघ. तुम्ही हसलात कशाला? व्हॅम्पायर उन्हात जळतो, हे तुमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे म्हणून. पण स्टोकरच्या 1897 च्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो! त्याची ताकद तेवढी कमी होते, मरत-बिरत नाही. सकाळच्या उन्हानं व्हॅम्पायर नाहीसा होतो, हे पडद्यावर आलं ते याच 'नोस्फेरातू'च्या शेवटात. म्हणजे ज्या नियमानं तुम्ही त्याला नापास केलंत, तो नियम त्यानंच घालून दिलेला.

जुने भुताचे पिक्चर पहिल्यांदा बघणाऱ्याची खरी अडचण ही आहे. तू नक्कल आधी बघितलीस, अस्सल मागाहून. तुझ्या पिढीचा यात काही दोष नाही. 1942 चा 'कॅट पीपल' बघ. रात्री सामसूम रस्त्यावरून एक बाई चालली आहे, मागं दुसरीच्या सँडलचा टक-टक आवाज. मग तो आवाज थांबतो. बाई घाबरून पाय उचलते, आणि वाघानं फिसकारावं तसा फिस्स आवाज करत काहीतरी अंगावर येतं. ती असते बस! दार उघडून उभी. आज प्रत्येक पिक्चरमध्ये मांजर उडी मारतं, कपाटाचं दार आपटतं, आणि तुम्ही ज्याला जंप स्केअर म्हणता, त्याच्या खानदानातला आद्यपुरुष म्हणजे ही बस. तुला ती ओळखीची वाटणारच. तेव्हा 'कॅट पीपल' बघून तू 5 दिलेस तर मी भांडणार नाही. पण शेजारी एक ओळ लिही: "बसचा सीन आधी दहा ठिकाणी बघितलाय, इथला सगळ्यात शांत होता." आकड्यापेक्षा ही ओळ महत्त्वाची. दोन वर्षांनी वही उघडशील तेव्हा 5 का दिले ते तुला आठवणार नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर 'भूलभुलैया' घे. तो तुझ्या पिढीनं टीव्हीवर पाठ केलेला आहे. पण तो 2007 चा. त्याआधी आपल्या कर्नाटकात 'आप्तमित्र' येऊन गेला होता, 2004 मध्ये, विष्णुवर्धन आणि सौंदर्याचा. निपाणीत मराठी घरांतनीही तो बघितलेले लोक सापडतील. आणि या दोघांचंही मूळ म्हणजे 1993 चा मल्याळम 'मणिचित्रताळ', दिग्दर्शक फाझिलचा. त्यातल्या कामासाठी शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुम्हाला गोष्ट माहीत आहे, शेवट माहीत आहे, तरी हा लावा. गोष्ट माहीत असली की लक्ष शोभनाच्या चेहऱ्यावर राहतं. नवरा तिला बाहेर जायला नाही म्हणतो आणि तिची नजर बदलते, तो क्षण गोष्ट माहीत नसणाऱ्याला पहिल्या खेपेला पूर्ण पकडता येत नाही.

'सायको'बद्दल मी हेच म्हणणार. शेवट फुटलेला आहे, तो काही पोटात परत घालता येत नाही. दिग्दर्शक हिचकॉकनं 1960 मध्ये पिक्चर सुरू झाल्यावर कुणालाही थेटरात सोडायचं नाही असा नियम केला होता, आणि एवढं करून आज पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये तुला सगळं कळतं. मग 5 का ठेवायचे? ठेव. पण पुन्हा एकदा लाव, आणि शेवटाची वाट न बघता मधला एक प्रसंग बघ. खून झालाय, मोटेल चालवणाऱ्या नॉर्मननं सगळं पुसून काढलंय, प्रेत गाडीच्या डिकीत घातलंय आणि गाडी दलदलीत ढकललीय. तो काठावर उभा राहून काहीतरी चघळतोय. गाडी बुडत जाते, बुडत जाते आणि मधेच थांबते. वरचं टप बाहेर. नॉर्मनचं तोंड थांबतं. त्या चार सेकंदांत तू मनात काय म्हणतेस ते बघ. "बूड की बाई!" म्हणतेस. ज्या बाईसाठी आत्तापर्यंत जीव टांगणीला होता, तिच्या खुनाचा पुरावा बुडावा म्हणून तू देव पाण्यात घालून बसलीस. ट्विस्ट माहीत असणाऱ्यालासुद्धा हिचकॉक इथं पकडतो.

आणखी एक गंमत करून बघा. आंघोळीचा तो प्रसिद्ध सीन आधी टीव्हीचा आवाज बंद करून बघा, मग आवाज लावून. हिचकॉकला तिथं संगीत नकोच होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मननं तरीही लिहिलं, सगळ्या पिक्चरभर नुसती तंतुवाद्यं वापरली, आणि ते ऐकल्यावर हिचकॉकनं आपलं मत बदललं. बिनआवाजाच्या सीनमध्ये तुला एक बाई, एक पडदा आणि चॉकलेटचं सिरप दिसेल. हो, रक्त म्हणून सिरपच वापरलं होतं. कृष्णधवलमध्ये कुणाला कळतंय!

आता मामा.

मामाशी वाद घालू नकोस, पण आकडाही बदलू नकोस. मामाचे मार्क आणि तुझे मार्क एकाच पिक्चरचे नाहीतच. 'पुराना मंदिर' 1984 चा. रामसे बंधूंचं काम घरचं होतं: तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, गंगू कॅमेऱ्यावर, बाकीचे भाऊ लेखन, आवाज, संकलन सांभाळायचे. खर्च थोडका, स्टार बेताचे, आणि गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या शहराबाहेरची टॉकीज. म्हणजे मामा आणि त्याचे दोस्त. दोन-अडीच तासांत शाप, हवेली, धड एकीकडं आणि मुंडकं पेटीत असा सामरी नावाचा सैतान, गाणी, वर 'शोले'ची नक्कल करणारा जगदीप. घरात टीव्हीवर बघताना जगदीप आला की तू मोबाईल काढतेस. टॉकीजमध्ये त्याच वेळी लोक शिट्ट्या मारून, चहा-वडा खाऊन परत दम धरायचे, पुढच्या घाबरण्यासाठी.

आणि तो उसाचा फड! तुझा पिक्चर संपतो तेव्हा माडीवरची ट्यूबलाईट लागते आणि कुणीतरी म्हणतं, "चहा टाक गं." मामाचा पिक्चर शेवटच्या शोनंतर सुरू व्हायचा. वाटेवर दिवा नाही, दोन्ही बाजूंनी माणसाच्या वर गेलेला ऊस, पात्यांची सळसळ, आणि सायकलच्या डायनामोचा उजेड पायडल थांबलं की विझणारा. दम लागला तरी थांबायची सोय नाही! अशा रस्त्यानं घरी पोचलेल्या माणसानं 10 दिले तर ते खरेच आहेत. तुझे 4 पण खरे. माझं विचारशील तर मी 5 देईन, आणि त्यातला एक नुसता सामरी झालेल्या अनिरुद्ध अग्रवालच्या उंचीचा.

म्हणून वहीत मामासाठी वेगळा रकाना आख. त्यात तो मार्क लिहील, आणि त्याच्यापुढं कुठं बघितला, कुणाबरोबर, घरी कसा आला, हेही लिहील. लिहायचा कंटाळा केला तर तू विचार आणि तू लिही. दोन दिवस न बोलणारा मामा कसा बोलत सुटतो बघ. उद्या त्या टॉकीजच्या जागी मंगल कार्यालय झालेलं असेल, वहीतला रकाना तेवढा राहील.

तुम्हां पोरांच्या रकान्यातही हेच लिहा. भुताच्या पिक्चरइतका दुसरा कुठलाच पिक्चर परिस्थितीवर अवलंबून नसतो. दिवे चालू होते की बंद, आवाज टीव्हीचाच होता की स्पीकर लावला होता, खालून मामी "जेवायला या" म्हणून कितीदा ओरडली. 1963 चा 'द हॉन्टिंग' हा अख्खा पिक्चर एकही भूत न दाखवता चालतो. भिंतीवर काहीतरी आपटतं, बंद दार आतल्या बाजूला फुगतं, बस्स. ट्यूबलाईट लावून, गप्पा मारत बघितलात तर तुम्ही त्याला 2 द्याल, आणि ते 2 माडीचे असतील, पिक्चरचे नव्हेत.

'हा खेळ सावल्यांचा'कडं येते, कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच टोचलं. 1976 चा, वसंत जोगळेकरांचा. आशा काळे, काशिनाथ घाणेकर. 'गोमू संगतीनं' हे गाणं याच पिक्चरमधलं. गॅदरिंगला त्यावर नाचणाऱ्या निम्म्या पोरींना माहीत नसतं की ते कुठल्या अंधारातून आलंय. तू घाबरलीस, आणि बाकीच्यांना कंटाळा आला. का? मला वाटतं, तू एकटीच तो शांतपणे बघत होतीस. हा काही अंगावर येणारा पिक्चर नाही. तो नरसूच्या भुताची गोष्ट आधी कानात सोडतो आणि मग गप्प बसतो. गप्प बसलेल्या पिक्चरला समोरचा माणूसही गप्प लागतो. 'काजळ रातीनं' सुरू झाल्यावर कुणी "हे गाणं लांबलंय" म्हटलं की संपलं. पंगतीत पहिल्यानं "मीठ कमी आहे" म्हटलं की सगळ्यांना आमटी अळणी लागते, तसं तुमच्या माडीवर चालतंय.

यावर उपाय एकच आणि सोपा आहे. पिक्चर संपल्यावर तोंडानं कुणी काही बोलायचं नाही. प्रत्येकानं चिठ्ठीवर मार्क लिहून डब्यात टाकायचे आणि मगच भांडायचं. तेही दोन वेगळे: एक भीतीचे, एक पिक्चरचे. भीतीचे त्याच रात्री लिहायचे, कारण सकाळी सगळेच शूर असतात. पिक्चरचे दुसऱ्या दिवशी दुपारी. मला खात्री आहे, 'पुराना मंदिर'ला कुणीतरी भीतीचे 2 आणि पिक्चरचे 6 देईल, आणि 'हा खेळ सावल्यांचा'ला "बोअर" म्हणणाऱ्यातलाच एखादा भीतीचे 7 लिहील. अक्षर ओळखू नये म्हणून इंग्रजी आकडे काढील, ते वेगळं!

नेटवरच्या 9-10 चं काय, हे राहिलं. त्यातले काही लोक पिक्चरला मार्क देत नाहीत, इतिहासाला देतात. त्यात वाईट काही नाही, पण तो तुझा पेपर नाही. एखाद्या पिक्चरनं पहिल्यांदा काय केलं हे कळल्यावर त्याच्याबद्दल आदर वाटतो, तो पिक्चरच्या मार्कांत घाल. भीतीच्या मार्कांत तो चुकूनही घालू नकोस. आदरानं कुणाच्या अंगावर काटा येत नाही. आणि बघायच्या आधी तो आकडा शोधूच नकोस. 9 वाचून बसलीस की पहिल्या अर्ध्या तासात तू पिक्चर बघत नसतेस, 9 कुठं आहेत ते शोधत असतेस.

पुढं काय लावायचं, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. 'महल' लावा, 1949 चा, अशोककुमार आणि मधुबाला. भुताचा म्हणून लावा आणि 'आएगा आनेवाला' सुरू झालं की डोळे मिटा. गाणं लांबून जवळ येत जावं म्हणून लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माईककडं चालत आल्या होत्या. यंत्र नव्हतं, म्हणून पायांनी केलेलं काम. त्यानंतर कन्नड 'ना निन्न बिडलारे', 1979 चा, अनंत नाग आणि लक्ष्मीचा. कन्नड मित्रमैत्रिणींना बोलवा आणि त्यांच्या आई-वडिलांनाही. त्या पिढीत हा पिक्चर बघून घाबरलेले लोक तुला गल्लीत सहज सापडतील, त्यांच्यासाठी वहीत आणखी एक रकाना लागेल. तिसरा 'नोस्फेरातू', रंग असलेली प्रिंट, पुन्हा पहिल्यापासून. 1968 चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' घेतलात तर प्रिंटची तीच काळजी घ्या. नाव बदलताना त्याच्या पाटीवरून कॉपीराइटची ओळ गळली, पिक्चर सगळ्यांना मोकळा झाला, आणि म्हणून त्याच्याही वाईट कॉप्या नेटवर ढिगानं पडल्या आहेत.

तुमच्यात कुणी आठ-नऊ वर्षांचं पोरगं असेल तर त्याला 'महल'पर्यंतच बसू दे. नंतर तुम्ही मार्क लिहून झोपाल आणि रात्रभर त्याच्याबरोबर मामी जागेल. 'मणिचित्रताळ' बघायचा असेल तर मामाला चष्मा घेऊन बसायला सांग. सबटायटल इंग्रजीत असतील आणि त्याला ती दिसली नाहीत, तर दर दोन मिनिटांनी "काय म्हणाली ती?" सुरू होईल.

– अक्का